'जे विषम असतील ते' : ॲरे-भाषांतील सशर्त क्रियेचे व्याकरण

केनेथ आयव्हर्सन ह्यांचा 'ए प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांच्यापुढील मुख्य प्रश्न यंत्राचा नसून लेखनपद्धतीचा होता. हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करीत असताना गणितातील रूढ संकेतलेखन त्यांना अपुरे व परस्परविसंगत वाटू लागले, आणि त्यातून त्यांची संकेतलिपी निर्माण झाली. पुढे १९६६ मध्ये ती आय बी एम कंपनीच्या संगणकावर चालू लागली व तिच्या ग्रंथनामाची आद्याक्षरे घेऊन 'एपीएल' ह्या नावाने रूढ झाली. ह्या लिपीचा आणि तिच्या वंशातील भाषांचा विशेष असा की, तेथे क्रिया एकेका संख्येवर होत नाही. ती संख्यांच्या संपूर्ण मांडणीवर, म्हणजे ॲरेवर, एकाच वेळी होते. 'सर्वांची दुप्पट' असे एकदा म्हटले की पुरे. 'पहिल्याची दुप्पट कर, मग दुसऱ्याची कर' असा पाढा म्हणावा लागत नाही.

ह्या वैशिष्ट्याची खरी कसोटी लागते ती 'सर्व' ह्या पदाच्या जागी 'काही' हे पद आले म्हणजे. सम संख्या निमपट कराव्यात आणि विषम संख्यांच्या तिपटीत एक मिळवावा, असे सांगावयाचे झाल्यास संपूर्ण ॲरेविषयी बोलणारी भाषा काय करील? ह्या प्रश्नाला गेल्या साठ वर्षांत ह्या भाषांनी जी निरनिराळी उत्तरे दिली, ती सामान्यतः सोयीच्या किंवा वेगाच्या दृष्टीने तपासली जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते ती व्याकरणाच्या दृष्टीने तपासली पाहिजेत. कारण ही उत्तरे एकाच अर्थाचे पर्याय नाहीत, त्यांचे अर्थच भिन्न आहेत. एपीएलची चिन्हे येथे मुद्दामच छापलेली नाहीत. वाक्यरचनेविषयीचे विधान खरे असेल तर ते लिपीवाचूनही कळले पाहिजे.

प्रथम उदाहरण घेऊ. ३, ६, ५, १२, ७ असा पाच संख्यांचा ॲरे आहे. क्रिया संचित बेरजेची आहे; म्हणजे प्रत्येक स्थानी तेथवरच्या सर्व संख्यांची बेरीज लिहावयाची. अट अशी की, क्रिया विषम संख्यांपुरतीच व्हावी व सम संख्या आहेत तशाच राहाव्यात. ॲरे एक, क्रिया एक, अटही एकच. तथापि उत्तरे तीन येतात.

पहिल्या रचनेत संपूर्ण ॲरेची संचित बेरीज केली जाते : ३, ९, १४, २६, ३३. नंतर मूळ संख्या जेथे विषम होत्या त्या स्थानी ही नवी संख्या व अन्यत्र जुनी संख्या ठेवली जाते. उत्तर : ३, ६, १४, १२, ३३. दुसऱ्या रचनेत प्रत्येक संख्या सुटी घेऊन तिला अट विचारली जाते, आणि अट पुरी झाली तर त्या एकट्या संख्येवर क्रिया केली जाते. एकट्या संख्येची संचित बेरीज म्हणजे ती संख्याच. म्हणून उत्तर ३, ६, ५, १२, ७, म्हणजे काहीच बदललेले नाही. तिसऱ्या रचनेत विषम संख्या आधी बाजूला काढल्या जातात : ३, ५, ७. ह्या तिघींची मिळून संचित बेरीज होते : ३, ८, १५. मग त्या आपापल्या जागी परत बसतात. उत्तर : ३, ६, ८, १२, १५.

दुप्पट किंवा ऋणचिन्ह यांसारख्या क्रिया घेतल्या तर तिन्ही रचनांचे उत्तर एकच येते, आणि पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा ह्याच जातीची असतात. त्यामुळे भेद झाकला जातो. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो परिचित असावयास हवा. 'मुलांनी प्रत्येकी एक झाड लावले' आणि 'मुलांनी मिळून एक झाड लावले' ह्या वाक्यांत कर्ता एकच आहे. पण पहिल्यात क्रिया व्यक्तिशः वाटली गेली आहे, दुसऱ्यात ती समूहाची आहे. 'प्रत्येकी' व 'मिळून' ही पदे गाळून नुसते 'मुलांनी एक झाड लावले' म्हटले तर ऐकणारा प्रसंगावरून अर्थ ठरवितो. मराठीत हा भेद दाखविण्याचे आणखी एक साधन आहे, ते म्हणजे संबंधी सर्वनामाची द्विरुक्ती. 'जी जी संख्या विषम असेल तिच्यावर तिच्यावर क्रिया करावी' ह्या वाक्यात दुसरी रचना आहे. 'ज्या संख्या विषम असतील त्यांची मिळून बेरीज घ्यावी' ह्यात तिसरी आहे. पहिली रचना मराठीत सांगावयाची तर दोन वाक्ये लागतात : 'सर्वांची बेरीज घ्यावी. नंतर विषमांच्या जागी तीतील संख्या ठेवाव्यात.' हे दुसरे वाक्य लागते, ह्यात त्या रचनेचे स्वरूप उघड होते. पहिल्या रचनेत क्रिया सशर्त नसतेच. सशर्त असते ती निवड.

एपीएलमध्ये वाढलेल्या प्रोग्रामरला मात्र ही पहिली रचनाच सर्वांत स्वाभाविक वाटते. त्याचे कारण आयव्हर्सन ह्यांच्या एका मूलभूत निर्णयात आहे. त्यांच्या लिपीत विधान खरे असेल तर त्याचे मूल्य १, खोटे असेल तर ०. सत्यता ही तेथे संख्याच आहे; व्याकरणाच्या भाषेत, अट हे नाम आहे. नाम असल्यामुळे तिच्याशी गुणाकार करता येतो, तिची बेरीज घेता येते. विषम किती आहेत हे मोजावयाचे तर विषमतेच्या शून्य-एकांची बेरीज घेतली की काम झाले. ही कल्पना इतकी फलदायी ठरली की, डोनाल्ड क्नूथ ह्यांनी १९९२ मधील एका निबंधात तिचा आग्रहपूर्वक पुरस्कार केला, आणि आज गणितात ती 'आयव्हर्सनचा कंस' ह्या नावाने ओळखली जाते. ह्या कंसाच्या बळावर सशर्त क्रिया अंकगणितात विरघळविता येते : नव्या मूल्याला अटीने गुणावे, जुन्या मूल्याला अटीच्या नकाराने गुणावे आणि दोहोंची बेरीज घ्यावी. 'जर' नाही, 'तर' नाही, फांदी नाही. आधुनिक संगणकाला अशी सरळ चाल मानवते, म्हणून ती वेगवानही असते.

परंतु ह्या रचनेत निषेधाला शक्ती नाही. क्रिया सर्वांवर होऊन गेलेली असते. नंतरचा शून्याचा गुणाकार तिची खूण पुसतो इतकेच. अट 'संख्या शून्य नसेल तर तिचा व्यस्त घ्यावा' अशी असेल तर काय होते ते पाहावे. व्यस्त सर्वांचा घेतला जातो, शून्याचाही, आणि रूढ एपीएल तेथेच दोष दाखवून थांबते. जी भाषा आय-ट्रिपल-ई ७५४ ह्या मानकाप्रमाणे चालते ती थांबत नाही, पण तेथे शून्याने भागून मिळालेल्या अनंताला शून्याने गुणले असता 'संख्या नव्हे' असे मूल्य मिळते, आणि ते पुढील बेरजेत शिरते. म्हणजे पुसावयाची खूण अधिकच पसरते. व्यवहारात ह्यावर तोडगा आहे : भाजकात 'भाजक शून्य आहे काय' ह्याचे उत्तर मिळवावयाचे, म्हणजे शून्याच्या जागी एक येतो. तोडगा चतुर आहे. पण ज्या संख्येला क्रियेतून वगळावयाचे तिला वेषांतर करून क्रियेत पाठवावे लागते, ही रचनेच्या दुबळेपणाची कबुलीच होय. शिवाय ॲरेत अक्षरे असली तर गुणाकाराचा हा सारा प्रपंच निरुपयोगी.

दुसऱ्या रचनेची प्रतिष्ठा वाढली ती जे-भाषेमुळे. ही भाषा आयव्हर्सन व रॉजर ह्युई ह्यांनी १९९० मध्ये सिद्ध केली. तीत आयव्हर्सन ह्यांनी गणिती संज्ञा सोडून व्याकरणाच्या संज्ञा स्वीकारल्या; १९८७ च्या त्यांच्या 'ए डिक्शनरी ऑफ एपीएल' ह्या निबंधातच त्यांची सुरुवात झाली होती. ॲरे हे नाम, फलन हे क्रियापद, एका पदाला लागून नवे क्रियापद घडविणारे ते क्रियाविशेषण, आणि दोन पदांना जोडून घडविणारे ते उभयान्वयी अव्यय. ह्या नामकरणाविषयी भाषाशास्त्रज्ञाने थोडे हटकावयास हवे. 'बेरीज' ह्या क्रियापदाला तिरकी रेघ लावून 'संपूर्ण ॲरेची बेरीज' हे नवे क्रियापद साधते. ह्या रेघेचे साम्य 'हळू', 'लवकर' यांसारख्या क्रियाविशेषणांशी नसून 'करणे' पासून 'करविणे' साधणाऱ्या प्रयोजक प्रत्ययाशी आहे. ती क्रियेची रीत सांगत नाही, तर तिचा कर्मांशी असलेला संबंध बदलते. असो.

सशर्त क्रियेसाठी जे-भाषेत दोन क्रियापदे एका चिन्हाने बांधून त्यांची यादी केली जाते. ह्या यादीला तेथे 'जेरंड', म्हणजे धातुसाधित नाम, म्हणतात. ही संज्ञा मात्र नेमकी आहे : 'निमपट करणे' व 'तिपटीत एक मिळविणे' ही आता नामे झाली असून त्यांतून एखाद्या ॲरेतल्याप्रमाणे निवड करता येते. नंतर 'अजेंडा' नावाचे अव्यय अट तपासते, उत्तर ० आल्यास यादीतील पहिली क्रिया व १ आल्यास दुसरी क्रिया उचलते आणि ती चालविते. न उचललेली क्रिया चालतच नाही. पहिल्या रचनेत नसलेली निषेधाची शक्ती येथे पूर्णपणे आहे. शून्याचा व्यस्त कोणी मागत नाही, आणि स्वतःलाच पुनःपुन्हा बोलावणारे फलन कोठे थांबावे हेही अजेंडाने सांगता येते. दोन्ही फांद्या चालविणाऱ्या रचनेत असे फलन कधीच थांबणार नाही.

ह्याच भाषेतील दुसरी युक्ती अधिक देखणी आहे. एखादी क्रिया किती वेळा करावी हे सांगणारे 'पॉवर' नावाचे अव्यय तिच्यात आहे. त्याला संख्येच्या जागी अट दिली की क्रिया शून्य वेळा किंवा एकदा होते. शून्य वेळा करणे म्हणजे आहे तसे राहू देणे. 'जर' चे रूपांतर 'कितीदा' मध्ये करणारी ही कल्पना आयव्हर्सन ह्यांच्या मूळ स्वभावाला धरून आहे.

दोहोंतही दोष एकच, पण तो मर्मावरचा आहे. अट एकेका संख्येसाठी वेगळी असल्यामुळे क्रियेची रँक, म्हणजे ती कोणत्या पातळीच्या घटकावर चालावी हे सांगणारी संख्या, शून्य करावी लागते. रँक शून्य झाली की ॲरे विस्कटला. प्रत्येक संख्या एकटी दाराशी येते, आपले उत्तर घेऊन जाते, आणि शेजारी कोण होते हे क्रियेला कळत नाही. संचित बेरजेच्या उदाहरणात काहीच घडले नाही ते ह्यामुळेच. ज्या पाढ्यापासून सुटका म्हणून ही भाषा निर्माण झाली तो पाढाच येथे मागील दाराने परत येतो, आणि त्याची किंमत वेगातही मोजावी लागते, कारण भाषांतरकाला प्रत्येक संख्येसाठी नव्याने निर्णय घ्यावा लागतो. मार्शल लॉकबाम ह्यांच्या २०२० मधील बी क्यू एन भाषेत 'चूज' नावाची अशीच निवड आहे. तिची मांडणी अधिक नेटकी आहे, पण ती संख्येगणिक वापरली की अर्थ तोच.

'जे' हे आपले संबंधी सर्वनाम, आणि जे-भाषेत नेमके तेच दुर्बळ आहे, हा योगायोग मराठी वाचकाला गमतीचा वाटेल. तेथे 'अमेंड' नावाची एक रचना आहे, पण ती ठराविक स्थानी मूल्ये बसविते, क्रिया नव्हे. त्यामुळे 'ज्या विषम आहेत त्यांपैकी ज्या विषम आहेत त्यांवर क्रिया करून ज्या विषम आहेत त्यांच्या जागी ठेवा' अशा तऱ्हेने निवड पुनःपुन्हा उच्चारावी लागते. आर्थर व्हिटनी ह्यांच्या के-भाषेत स्थाने आणि क्रिया दोन्ही एकदाच सांगण्याची सोय आहे. डायालॉग एपीएलने २०१७ च्या १६.० ह्या आवृत्तीत 'ॲट' हे अव्यय आणले, तेव्हा तिसऱ्या रचनेला एपीएलमध्ये स्वतःचे चिन्ह मिळाले. त्याच्या डाव्या हाताला क्रिया, उजव्या हाताला अट. अट पूर्ण ॲरेवर तपासली जाते, निवडलेला भाग एकत्र क्रियेपुढे येतो व परिणाम आपापल्या जागी बसतो. 'जे असे असतील त्यांचे तसे करा' ह्या वाक्याचे इतके जवळचे प्रतिरूप ह्या भाषाकुलात पूर्वी सुटसुटीतपणे मिळत नव्हते. विषम संख्यांचा क्रम उलटा करावा असे त्यात सहज म्हणता येते : ३, ६, ५, १२, ७ चे ७, ६, ५, १२, ३ होते. अजेंडाला हे वाक्य उच्चारताच येणार नाही. बी क्यू एन मधील 'अंडर' ह्याच अर्थाचे असून अधिक व्यापक आहे. त्यात भाग कोणत्याही निवडक क्रियेने काढता येतो.

येथवर वाचून तिसरी रचना श्रेष्ठ असा निर्णय कोणी देईल. परंतु ती एका क्रियेपुरती श्रेष्ठ आहे. मूळ प्रश्न निरनिराळ्या घटकांवर निरनिराळ्या क्रिया करण्याचा होता. समांची निमपट आणि विषमांची तिप्पट अधिक एक, हे 'ॲट' ने सांगावयाचे तर तो एकामागून एक असा दोनदा वापरण्याचा मोह होतो. अपेक्षित उत्तर १०, ३, १६, ६, २२ असे आहे. आधी समांवर क्रिया केली तर ३, ३, ५, ६, ७ मिळते. ६ चे ३ झाले, म्हणजे ती आता विषम झाली, आणि दुसरी क्रिया तिलाही पकडते. शेवटी १०, १०, १६, ६, २२ हाती येते. क्रम उलटा केला तर अधिकच अनर्थ : सर्व विषम संख्या सम होतात व पुन्हा निमपट होऊन ५, ३, ८, ६, ११ असे उत्तर येते.

ध्वनिनियमांच्या अभ्यासकाला ह्यात नवीन काही नाही. एका नियमाने दुसऱ्याला भक्ष्य पुरवावे, ह्या क्रमाचे विवेचन पॉल किपार्स्की ह्यांनी १९६८ मध्ये केले. पाणिनीने तर त्यावर उपायच योजून ठेवला आहे : अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांतील नियमांचे कार्य आधीच्या नियमांच्या दृष्टीने असिद्ध, म्हणजे झालेच नाही असे, मानावयाचे. फ्रान्त्स कीलहॉर्न ह्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना नागोजीभट्टांच्या ज्या परिभाषेन्दुशेखराचे संपादन व भाषांतर केले, त्यात उत्सर्ग व अपवाद ह्यांविषयी असा एक पक्ष मांडला आहे की, अपवादाचे क्षेत्र आधी वेगळे काढावे आणि मग उरलेल्या क्षेत्रात उत्सर्गाने प्रवेश करावा. सामान्य नियम सर्वत्र लावून मागाहून दुरुस्ती करावयाची नाही. मास्क व 'ॲट' ह्यांतील भेद ह्या भाषेत मांडला तर फार स्वच्छ दिसतो. पहिल्या रचनेत उत्सर्ग अपवादाच्या क्षेत्रातही शिरून येतो. एकापाठोपाठ लावलेल्या दोन 'ॲट' मध्ये क्षेत्रे आधी आखलेली नसतात, आणि असिद्धत्वाचीही सोय नसते.

आश्चर्याची गोष्ट ही की, दोन्ही सोयी १९६२ च्या ग्रंथात होत्या. तेथे शून्य-एकांच्या ओळीने ॲरे चाळण्याची क्रिया आहे, तिला आयव्हर्सन 'कॉम्प्रेशन' म्हणतात. तिच्या जोडीला दोन रचना आहेत. 'मास्क' दोन समान लांबीच्या ॲरेंतून स्थानागणिक निवड करते. ही आपली पहिली रचना. 'मेश' मात्र दोन भिन्न लांबीच्या ॲरेंची शून्य-एकांच्या ओळीप्रमाणे वेणी घालते. सम चाळून घ्या, विषम चाळून घ्या, दोन्ही भागांवर आपापली क्रिया करा आणि वेणी घाला. दोन्ही क्षेत्रे मूळ ॲरेवरून एकदाच आखली जातात, म्हणून क्रमाचा प्रश्न उद्भवत नाही. प्रत्येक भाग समूह म्हणून क्रियेपुढे येतो, म्हणून 'मिळून' हा अर्थ साधतो. ज्याचे क्षेत्र नाही त्याला क्रिया शिवत नाही, म्हणून शून्याचा व्यस्त मागितला जात नाही. तिन्ही दोषांचे निवारण एकाच रचनेत होते. एपीएल जेव्हा यंत्रावर आली तेव्हा कॉम्प्रेशनला चिन्ह मिळाले, मेशला मिळाले नाही. दोन भाग मोकळ्या जागा सोडून ताणावेत व बेरीज करावी, किंवा ते जोडून दोनदा क्रमांक लावून त्यातून वाचावेत, अशा युक्तींनी ती साधता येई, म्हणून तिला वेगळे चिन्ह नको असा विचार त्यामागे असावा. ट्युरिंग पारितोषिकाच्या १९७९ च्या व्याख्यानात आयव्हर्सन ह्यांनी चांगल्या लिपीच्या लक्षणांत काटकसर सांगितली आहे, तशी सूचकताही सांगितली आहे. येथे काटकसरीने सूचकतेवर मात केली. दोनदा क्रमांक लावण्याची युक्ती ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ती मेश म्हणून वाचता येते.

मेशचा अर्थ आज सर्वांत जवळून सापडतो तो ॲरे-भाषांत नव्हे, तर पायथन भाषेच्या नम्पाय ह्या ग्रंथालयातील 'पीसवाइज' ह्या फलनात. त्याला अटींची एक यादी व क्रियांची एक यादी द्यावयाची. प्रत्येक क्रिया आपल्या अटीने काढलेल्या मूळ भागावरच चालते. रचना योग्य, पण बांधणी सैल : परिणाम मूळ ॲरेच्याच जातीचा ठेवला जातो, त्यामुळे पूर्णांकांची निमपट घेताना अपूर्णांक गुपचूप छाटला जातो.

मेशला उभयान्वयी अव्यय म्हणून परत आणावयाचे झाल्यास एक प्रश्न सोडवावा लागेल, तो मांडणीचा. विषम संख्या चाळून काढल्या की त्यांची दोन मितींची मांडणी मोडते व एक सरळ ओळ उरते. वरची ओळ ३, ६, ५ आणि खालची १२, ७, ९ अशी असेल तर 'विषमांची मिळून संचित बेरीज' वरून खाली वाहत जाते आणि ३, ६, ८ व १२, १५, २४ असे उत्तर येते. ओळीपुरतीच बेरीज हवी असेल तर तेच अव्यय रँक एकने, म्हणजे एकेका ओळीवर, चालवावे लागते. मग ३, ६, ८ व १२, ७, १६ मिळते. 'ज्या विषम आहेत त्यांची मिळून' आणि 'प्रत्येक ओळीत ज्या विषम आहेत त्यांची मिळून' ह्यांतील हा फरक रँक दाखविते. अजेंडासाठी तीच शून्य करून जो ॲरे विस्कटला होता, तो येथे हव्या त्या पातळीवर अखंड राहतो.